किंवा आई

कोर्टाच्या मागच्या गल्लीत वकिलांचे काळे गाऊन शिवणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना गाऊनताई म्हणत. बावीस वर्षं एकाच दुकानात, एकाच मशीनवर. नवा वकील आधी त्यांच्याकडे यायचा, मग अशिलाकडे जायचा. माप घेताना त्यांचं तोंड चालूच असे. "पोट आत घेऊ नका साहेब, दिवसभर असं धरून उभे राहणार आहात का?" हे त्या मोठ्या मोठ्या वकिलांनाही तोंडावर सांगत, आणि तेही निमूटपणे पोट सोडून देत.

त्यांची लेक सतरा वर्षांची. उंच, किडकिडीत. चालायला लागली तेव्हापासून हातात मोजायचा टेप. दाराची उंची, गल्लीची रुंदी, मांजराची शेपटी, समोर येईल ते मोजायची. म्हणून तिला नाव पडलं पट्टी. जमीनमोजणीच्या सरकारी विद्यालयात जायचं हे तिने दहाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. परीक्षेचा अर्ज भरायला ती सकाळी गेली आणि अर्ध्या तासात परत आली. अर्ज कोराच.

"काय गं, एवढ्यात झालं?"

"खिडकीतले काका म्हणाले, नागरिकत्वाचा दाखला आण."

"मग सांगायचं ना, इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मले म्हणून."

"सांगितलं. ते म्हणाले, जन्म कुठेही होऊ दे, वडील कुठले?"

वडील परदेशी होते. नदीवरच्या पुलाचं काम निघालं तेव्हा क्रेन बसवायला आलेला माणूस. हसतमुख, आळशी, बायकोवर जीव टाकणारा. त्याच्या देशाचा नियम असा की बाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद बापाने वर्षाच्या आत स्वतः येऊन करायची. तो "पुढच्या सुट्टीत जाऊ" म्हणत राहिला, आणि पट्टी तीन वर्षांची असताना तापाने गेला. म्हणजे तिकडे पट्टीचं नाव नव्हतं. आणि इकडे राज्यघटनेचं कलम नऊ होतं. 'ज्याचे वडील या देशाचे नागरिक आहेत, तो या देशाचा नागरिक.' आईचा उल्लेखच नाही. कुणी मुद्दाम गाळला होता असंही नाही. लिहिणाऱ्यांच्या तो मनातच आला नसावा.

"मग मी कुठली?" पट्टीने विचारलं.

"माझी," गाऊनताई म्हणाल्या. "जेवून घे."

पण त्या दिवशी त्यांनी एका गाऊनला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या.

तो गाऊन वकीलबाईंचा होता. साठीच्या, काटकुळ्या, चिडक्या, आणि अशिलांवर खेकसूनही त्यांच्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या. दोन डाव्या बाह्या बघून त्या ओरडणार होत्या, पण गाऊनताईंचा चेहरा बघून स्टुलावर बसल्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कागद आण. आणि हा गाऊन असाच राहू दे, जुना अजून चालतोय माझा."

खालच्या कोर्टात हरले. वरच्या कोर्टात हरले. दीड वर्षाने सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं, तिथे मुख्य न्यायाधीशांनी निकाल वाचताना चष्मा काढून थेट पट्टीकडे पाहिलं.

"मुली, तुझ्यावर अन्याय होतोय हे आम्हाला दिसतंय. एखादा कायदा चुकला तर तो राज्यघटनेला लावून बघतो आणि रद्द करतो. पण इथे राज्यघटनाच तसं म्हणते. ती आम्ही कशाला लावून बघायची? तिच्याहून मोठी पट्टी आमच्याकडे नाही."

आपलं नाव ऐकून पट्टीने दचकून मान वर केली. कोर्टात दोनतीन वकील हसले आणि लगेच गप्प झाले.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईंनी कागद पिशवीत कोंबले. मग म्हणाल्या, "आहे. मोठी पट्टी आहे एक."

एकोणीस वर्षांपूर्वी तेवीस देशांनी मिळून एक करार केला होता, त्यात हा देशही होता. आपल्या हद्दीत जन्मलेलं एकही मूल बिनदेशाचं ठेवायचं नाही, आई आणि बाप सारखे धरायचे, असं त्यात लिहिलं होतं. आणि हे नीट पाळलं जातं की नाही हे बघायला तेवीस जणांनी मिळून एक न्यायालय नेमलं होतं, दूर, दुसऱ्या देशात.

"त्या कोर्टात," वकीलबाई म्हणाल्या, "माणूस आपल्याच देशाच्या समोर उभा राहू शकतो."

"समोर म्हणजे?"

"म्हणजे तू एका बाजूला. देश दुसऱ्या बाजूला."

गाऊनताईंना ते खरंच वाटेना. एवढा देश! डोंगर, नद्या, फौज, टपालखातं, सगळं घेऊन तो त्यांच्यासमोर कसा उभा राहणार?

घरात मात्र वेगळंच वादळ उठलं. गाऊनताईंचे थोरले भाऊ, दादा, सरहद्दीच्या फाटकावर एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बहिणीच्या पाठीशी ते कायम उभे राहिले होते. परक्या माणसाशी लग्न केलं तेव्हाही, तो गेला तेव्हाही. पण हे ऐकून त्यांनी हातातला पेला आदळला.

"आपल्या घरातलं भांडण बावीस परक्या घरांत नेणार? आत काय चालावं ते बाहेरच्यांनी सांगू नये, यासाठीच तर मी जन्मभर तिथे उन्हातान्हात उभा राहिलो."

"तू फाटक राखलंस दादा, मला ठाऊक आहे," गाऊनताई म्हणाल्या. "पण माझी पोर फाटकाच्या ना आत, ना बाहेर. तिला कुठे उभी करू?"

दादा आणखी चिडले आणि चार महिने आले नाहीत. सुनावणीची तारीख आली त्या सकाळी मात्र बॅग घेऊन दारात हजर.

"मी सोबत येतोय," त्यांनी बजावलं. "बाजूने नाही."

सरहद्दीवर बस थांबली. पट्टीकडे पासपोर्ट नव्हता. ज्याला देश नाही त्याला पासपोर्ट कोण देणार? तिच्याकडे होतं त्या न्यायालयाचं एक पत्र. एक पान, खाली सही, एक शिक्का. 'ही मुलगी आमच्यासमोर साक्षीला येत आहे. तिला जाऊ द्यावं आणि परत येऊ द्यावं.'

खिडकीतल्या अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं. उलटून पाठ बघितली. आत फोन केला. आतल्याने आणखी वर फोन केला. दादा बाजूला उभे राहून सगळं बघत होते. या खिडकीच्या आतून त्यांनी अशी किती माणसं परत पाठवली होती. कुणाचा कागद अपुरा, कुणाची तारीख उलटलेली. ह्या पोरीकडे तर कागदच नव्हता, तिच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं चार ओळींचं पत्र होतं. आता पाठवणार परत, असं त्यांना वाटत होतं, आणि आपल्याला नक्की काय व्हावंसं वाटतंय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

अधिकारी उठून उभा राहिला. पत्रावर नाही, वेगळ्या कोऱ्या कागदावर त्याने शिक्का मारला, पत्र दोन्ही हातांनी परत दिलं, आणि फाटकावरच्या माणसाला खूण केली. दांडा वर गेला.

पलीकडे बस सुरू झाल्यावर दादांनी वकीलबाईंना विचारलं, "त्या कोर्टाकडे शिपाई किती आहेत?"

"एकही नाही. दारावरचा पहारेकरीसुद्धा त्या गावच्या नगरपालिकेचा."

"फौज?"

"कसली फौज हो!"

"मग त्यांनी फाटक का उघडलं?"

"शब्द दिलाय म्हणून," वकीलबाई म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या. दादांना मात्र झोप आली नाही. फाटक बंदुकीने बंद राहतं हे त्यांना माहीत होतं. एका पानाने उघडतं हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

न्यायालयाची इमारत साधीच होती, एखाद्या ग्रंथालयासारखी. आत तेवीस छोटे झेंडे, एकाच उंचीचे. दाराशेजारच्या फलकावर त्या दिवसाचं प्रकरण लिहिलेलं. डावीकडे गाऊनताईंचं आणि पट्टीचं नाव. मध्ये 'विरुद्ध'. उजवीकडे देशाचं नाव. पट्टीने पुढे होऊन बोटाच्या पेराने अक्षरं मोजली.

"आई," ती हळूच म्हणाली, "सारखी आहेत. आपली आणि देशाची. एकाच उंचीची."

गाऊनताई फलकापुढे मान वर करून बघत राहिल्या. भीती नव्हती ती. डोंगराच्या अगदी पायथ्याशी जाऊन वर बघावं तसं काहीतरी होतं, आणि तो डोंगर आपल्याशी बोलायला खाली वाकणार होता.

एवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. सरकारचे मोठे वकील. देशाच्या बाजूने तेच बोलणार होते. त्यांचा गाऊन गाऊनताईंनीच शिवलेला.

"गाऊनताई," ते अवघडून म्हणाले, "सुई आहे का हो? बाही उसवलीय."

सुई त्यांच्या पदराला कायम टोचलेली असे. "हात वर करा साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्याविरुद्ध बोलताना काखेत भोक दिसायला नको." आणि तिथेच, फलकाखाली, त्यांनी बाही शिवून दिली. दोरा दाताने तोडला आणि बाही झटकून सरळ केली.

आणि साहेब काय बोलले! अर्धा तास. ते बोलले ते खोटं नव्हतं, हेच तर अवघड होतं. ही राज्यघटना आम्हाला कुणी बक्षीस दिली नाही, ते म्हणाले. तुरुंगात गेलेल्या, गोळ्या खाल्लेल्या माणसांनी ती लिहिली. तिच्यावर आम्ही राजाला बसू दिलं नाही, सेनापतीला बसू दिलं नाही. आज तेवीस देशांच्या न्यायालयाला तरी कसं बसू देऊ? गाऊनताईंचा ऊर भरून आला. आपल्याच विरुद्ध बोलणाऱ्या माणसाला दाद द्यावीशी वाटत होती. शेजारी दादा रुमालाने नाक पुसत होते.

न्यायाधीशांत एक म्हाताऱ्या बाई होत्या, तेविसांतल्या सगळ्यात लहान देशाच्या. बेटांचा देश, नकाशात शोधावा लागतो असा. त्यांनी कानावरचं भाषांतराचं यंत्र नीट केलं.

"आपण फार सुंदर बोललात. मला तीनच प्रश्न आहेत. या करारावर सही करायला आपल्याला कुणी भाग पाडलं होतं का?"

"नाही."

"आपल्या संसदेने तो मंजूर केला होता?"

"होय. एकमताने."

"जो देश सार्वभौम नाही, त्याला अशी सही करता येते?"

साहेब थांबले. "नाही. सही करायला आधी सार्वभौम असावं लागतं."

"मग आम्ही आपलं सार्वभौमत्व काढून घेतोय," बाई म्हणाल्या, "की आपण ते वापरून जे लिहिलंत, तेच आपल्याला वाचून दाखवतोय?"

साहेबांनी कागद चाळले, मग चाळायचे थांबवले.

"माननीय न्यायमूर्ती," ते म्हणाले, "याचं उत्तर माझ्या टिपणात नाही."

निकाल आठ महिन्यांनी लागला. गाऊनताईंच्या दुकानात वकीलबाईंनी तो फोनवर वाचून दाखवला. देशाने दिलेला शब्द मोडला आहे. एका वर्षात दुरुस्ती करावी. आणि पुढे लिहिलं होतं, 'आपल्या राज्यघटनेतला एक काना किंवा मात्राही बदलण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो फक्त आपल्याला आहे.'

नंतरचे दिवस काही सोपे गेले नाहीत. शटरवर कुणीतरी खडूने 'परक्यांची' असं लिहून ठेवलं. काही वकिलांनी गाऊन दुसरीकडे टाकले. चौकात भाषणं झाली, निकालाच्या प्रती जाळल्या गेल्या. शटर पुसायला दादा स्वतः ओलं फडकं घेऊन आले.

"सरकारने नाही ऐकलं तर?" पुसता पुसता त्यांनी वकीलबाईंना विचारलं. "कोण काय करणार आहे?"

"कोणी काही नाही करणार."

"आणि उद्या ह्या तेवीस जणांनी काही चुकीचंच सांगितलं तर?"

"तर तेव्हाही मी भांडेन. मला तरी दुसरं काय येतं?"

दादा हसले. बऱ्याच दिवसांनी.

दुरुस्तीचं विधेयक संसदेत आलं ते मुदत संपायला नऊ दिवस राहिले असताना. गाऊनताई, पट्टी, वकीलबाई आणि दादा प्रेक्षकांच्या सज्जात बसले. दोन-तृतीयांश मतं लागणार होती. भाषणं संपेनात. शेवटी एक वयोवृद्ध सभासद काठी टेकत उठले. चौकातल्या सभांमध्ये सगळ्यात जोरात तेच बोलले होते.

"मला बाहेरच्यांचा राग आला होता," ते म्हणाले. "अजूनही आहे. पण परवा बसून विचार केला की राग नेमका कशाचा? ते बोलले याचा नाही. ते बोलेपर्यंत आम्हाला हे सुचलं नाही, याचा आहे. मी बाजूने मत देतो, आणि माझा राग माझ्याकडेच ठेवतो."

पहिल्यांदा हात मोजले तेव्हा सभापतींचा गोंधळ झाला. पुन्हा मोजले. हवी होती त्यापेक्षा चार मतं जास्त पडली होती. कलम नऊमध्ये दोन शब्द वाढले. 'ज्याचे वडील' होतं, तिथे 'ज्याचे वडील किंवा आई' झालं. शिवाय शेवटी एक नवं कलम आलं. माणसांच्या हक्कांचे जे करार देशाने स्वखुशीने केले आहेत, ते समोर ठेवूनच न्यायालयांनी ही राज्यघटना वाचावी.

खाली सभागृहात माणसं उभी राहिली होती. काही टाळ्या वाजवत होती, काही तोंड फिरवून निघून चालली होती. गाऊनताई नुसत्या बघत राहिल्या. कुणाची बंदूक नव्हती, कुणाचा धाक नव्हता. दूरच्या एका साध्या इमारतीतून एक गोष्ट सांगितली गेली, आणि एवढा अवाढव्य देश, ज्याला कुणी हलवू शकत नाही, तो आपला आपण जरासा सरकला. त्यांच्या पोरीला बसायला जागा व्हावी एवढाच.

"दादा, रडतोयस का?"

"बाजूने नाही," दादा म्हणाले आणि डोळे पुसले.

नोंदणी सुरू व्हायच्या दिवशी ते चौघं सकाळी सातलाच निघाले. खिडकी दहाला उघडणार होती. आपला पहिला नंबर असेल अशी त्यांची समजूत. कोपऱ्यावर वळले आणि थबकले.

रांग इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेली होती आणि तिथूनही पुढे, टपालकचेरीपर्यंत. कडेवर तान्ही मुलं घेतलेल्या बाया. गणवेशातल्या मुली. केस पिकलेले बाप्ये. हातात जुन्या पिशव्या, पिशव्यांत दवाखान्याचे पिवळे कागद. वकीलबाईंचा अंदाज काही शेकड्यांचा होता. पुढे सरकारनेच आकडा जाहीर केला, तो निघाला एक्केचाळीस हजार.

त्यांच्या पुढे एक आजोबा होते, शहात्तर वर्षांचे. सुताराचं काम करून हात खरबरीत झालेले. आयुष्यात मत दिलेलं नाही, रीतसर लग्न नोंदवता आलेलं नाही, जमिनीचा तुकडा नावावर नाही. पट्टीने त्यांना स्वतःची पाण्याची बाटली दिली. दुपारी अडीचला त्यांचा नंबर लागला.

"वडिलांचं नाव?" आतल्या बाईंनी विचारलं.

"माहीत नाही बाई. बोटीवरचे होते, एवढंच ऐकलंय."

"हरकत नाही. आईचं नाव सांगा."

आजोबांनी सांगितलं. आवाज फुटला नाही.

"जरा मोठ्याने सांगता?"

आजोबांनी काठी घट्ट धरली आणि आपल्या आईचं नाव घेतलं, खणखणीत, शाळेत हजेरीला ओरडावं तसं. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. तिने सरकारी कागदावर अंगठासुद्धा कधी उठवला नसेल. त्या दिवशी तिच्या नावावर एक माणूस देशाचा नागरिक झाला.

कार्ड हातात आल्यावर ते बाजूला झाले आणि ते गाऊनताईंपुढे धरलं. "चष्मा नाही आणला. नाव नीट छापलंय का बघता?"

"नीट छापलंय."

"वेलांटी दुसरी?"

"दुसरीच आहे, आजोबा."

मग पट्टीचा नंबर लागला. तिला फार वेळ लागला नाही. कार्ड घेऊन ती बाहेर आली, आईच्या गळ्यात पडली, आणि मोजणीच्या परीक्षेला सात आठवडे उरलेत हे तिने दोनदा सांगितलं. पुढे ती पासही झाली, पण ते नंतर.

दादा अजून रांगेकडेच बघत होते. टोक दिसत नव्हतं.

"एवढी माणसं," ते म्हणाले, "इतकी वर्षं होती कुठे?"

"इथेच," गाऊनताई म्हणाल्या.

कुणालाही घरी जायची घाई नव्हती. समोरच्या कठड्यावर ते चौघं टेकले. पाचला खिडकी बंद होईपर्यंत एकेक जण पुढे जाऊन आपल्या आईचं नाव सांगत होता, आणि ते ऐकत बसले.